पातेल्यात उरलं तर

कॉलर शिवणारी बाई संध्याकाळी कारखान्यातून सुटली की कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी थांबायची आणि अख्खी टोपली उलथीपालथी करायची. जिन्यात शेजारणी तिला अडवून पिशवीत डोकावायच्या. काल कोबी होता, मिरी घालून, झाकण न ठेवता परतलेला. परवा भोपळ्याच्या फोडी, तव्यावर खरपूस. त्याच्या आदल्या दिवशी वांगं, जाळावर भाजून, कांदा घालून. आठवड्यात एक भाजी दुसऱ्यांदा म्हणून दिसायची नाही.

"तुझ्या घरच्यांची चंगळ आहे बाई," शेजारीण म्हणायची. "आमच्याकडे बटाटा गेला की बटाटाच येतो."

ती हसायची आणि जिना चढायची. खरं कारण चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं.

मी सांगतो. त्या घरात पुरुष आधी जेवत आणि बायका मागाहून. हा नियम कुणी केला म्हणाल, तर कुणीच नाही. आणि कुणीच केला नव्हता म्हणून तो मोडायचा कुणाकडे, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. टेबलाशी दोघं बसत. एक तिचे सासरे, गावातले जुने घड्याळजी. दुसरा तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा. पातेली त्यांच्यापुढे जात, ते उठले की परत ओट्यावर येत, आणि उरेल त्यात सासू, सून आणि नात जेवत. भात उरायचा. डाळ उरायची. भाजी काही उरायची नाही. चांगली भाजी संपते, आणि मुद्दाम वाईट करायला तिचा हात धजत नव्हता. म्हणून ती रोज नवी भाजी करून बघायची. बाप-लेकांना नकोशी वाटेल पण पोरीच्या घशाखाली उतरेल, अशी एखादी तरी सापडते का, हा तिचा शोध होता. लोक त्याला हौस म्हणत होते!

दोडका असा सापडला होता. दोन्ही पुरुष नाकं मुरडायचे. पण घड्याळजींचे दात हलायला लागले आणि मऊ दोडका त्यांना एकाएकी गोड लागू लागला. मग तिनं कारल्यावर भिस्त ठेवली. कारलं कोण खातं? तेवढ्यात घड्याळजींच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर काय बोलले ते जाऊ द्या, पण म्हातारा दुसऱ्या दिवसापासून कारल्याच्या चकत्या कुरकुरवत म्हणायला लागला, "सूनबाई, कारलं काय झकास जमतं गं तुला! रोज करत जा."

झालं! कारल्यानंही दगा दिला.

स्वतःचं तिला काही वाटत नव्हतं, म्हणजे वाटायचं कधीच बंद झालं होतं. जीव तुटायचा तो लेकीसाठी, चिमीसाठी. चिमी गेल्या वर्षापर्यंत आजोबांच्या शेजारी बसून जेवायची. मग एके दिवशी आजी म्हणाली, "एवढी घोडी झालीस, आता वाढायला शिक." पोरीला तो मोठा मान वाटला. हातात डाव मिळाला होता ना! महिन्यांमागून महिने ती डाव घेऊन उभी राहिली, आणि एके सकाळी शाळेच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली.

शाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी चिमीची खालची पापणी ओढून बघितली. "हिच्या अंगात रक्त कुठं आहे? पालेभाज्या, बीट, कडधान्यं रोज पोटात जायला हवीत. खाते का?"

"आमच्या घरी रोज भाजी होते," आई म्हणाली.

"होते का नाही विचारलं. ही खाते का?"

घरोघरी ज्या बाईचं कौतुक चालायचं, तिनं पोरीचं दप्तर उचललं आणि घरची वाट धरली.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हादरला, त्याचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं. "मी बोलतो बाबांशी," तो म्हणाला.

"कधी?"

"बोलतो म्हटलं ना!"

हा माणूस दहा मजल्यांच्या पोकळीत दोराला लोंबकळून काम करायचा. पण बापानं भुवई वर केली की त्याची बोबडी वळायची. तो आज बोलेल, उद्या बोलेल, असं करता करता विषय मागे पडला.

मग सासूनंच वाट काढली. "पुरुषांच्या कुठं नादी लागतेस?" ती कुजबुजली. "वाढायच्या आधीच पोरीची वाटी काढून ठेवावी. तो बिघडलेला ओव्हन आहे ना, त्यात ठेव. मी आहे बघायला. माझी सासू गेल्यावर मीही काढायचे गं माझ्यापुरती." आणि तोंडाला पदर लावून ती खुदकन हसली. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घरात आपलं कुणीतरी आहे असं तिला वाटलं. ओव्हनचं तिनं नवऱ्यालाही सांगितलं. "तुम्ही काही बोलू नका बापडे. फक्त त्या वाटीला हात लावू नका म्हणजे झालं." सुटलो एकदाचे, अशा चेहऱ्यानं त्यानं मान डोलावली.

चिमीच्या गालांवर हळूहळू रंग आला. जिना चढताना ती पुन्हा गाणी म्हणायला लागली. ओव्हनच्या दारापाशी आजी पहारेकऱ्यासारखी बसायची आणि चिमी खाऊन झाल्यावर वाटी लपवून विसळायची. चोरीचा मामला होता, पण सुखाचा होता.

आणि मग घड्याळजींचा जुना दोस्त आला. चष्म्याच्या दुकानाचा मालक, बोलका, खवय्या, मनानं अगदी साधा. न सांगता आला आणि जेवायलाच बसला. त्या दिवशी लसणीवर परतलेला पालक होता, त्यात शिजवलेले हरभरे. पहिल्या घासालाच तो म्हणाला, "वा! सूनबाई, हात आहे की जादू? वाढ अजून." वाढलं. पुन्हा वाढलं. चिमी पातेलं खरवडायला लागली तेव्हा डावाचा खरखर आवाज सगळ्यांनी ऐकला.

"संपली?" घड्याळजींचा आवाज चढला. "माझ्या घरात, पाहुण्याच्या पानात भाजी संपली?"

"अरे, असू दे रे," पाहुणा म्हणाला.

"असू दे कसं?"

लिफ्टवाला उठला. सुनेला वाटलं, पाणी आणायला चालला असेल. तो स्वयंपाकघरात आला, तिच्याकडे न बघता ओव्हनपाशी वाकला, दार उघडलं, वाटी काढली आणि टेबलापाशी जाऊन पाहुण्याच्या पानात पालथी केली. "आहे की! भरपूर आहे," असं म्हणून तो हसलासुद्धा.

"ओव्हनमध्ये?" घड्याळजींनी विचारलं. "या घरात भाजी लपवून ठेवतात?" आणि त्यांनी बायकोकडे बघितलं.

सासूनं हात पुसले. "मला काय विचारता? मी कधी केलंय का असलं? आजकालच्या सुना. माझं कोण ऐकतंय इथं!"

चिमी दारात उभी होती, आणि तिनं बापाला आणि आजीला, दोघांनाही नीट बघितलं.

पाहुणा ढेकर देऊन, आशीर्वाद देऊन गेला. स्वयंपाकघरात सून सासूसमोर उभी राहिली. "आई, तुम्ही असं कसं म्हणालात?"

"मग काय म्हणणार होते? तुझं बरं आहे, तू कमावतेस. मला या वयात बोलणी खायला लावतेस का?" म्हातारी भांडी घासता घासता म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

नवरा मागे येऊन घुटमळला. "एका दिवसाचा तर प्रश्न होता. बाबांची चारचौघांत लाज गेली असती. मला मेल्याला काय ठाऊक, एवढं होईल ते."

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं तुम्हाला. जागासुद्धा मीच सांगितली होती."

सासऱ्यांनी ओव्हन उघडला असता तर ती चिडली असती, भांडली असती. नवऱ्यानं उघडला म्हणून तिला चिडताही येईना. ज्याच्या भरवशावर पाठ फिरवली त्यानंच केसानं गळा कापला, तर माणूस ओरडणार कुणाच्या नावानं?

चिमी कोपऱ्यात बसून डाळभात कालवत होती. "जाऊ दे ना आई," ती समजुतीनं म्हणाली. "मला नाहीतरी भूक कमी लागते. आपल्याला कमीच लागते ना? आजीला पण."

वाटी गेली तर दुसरी भरता येते. पण पोरगी शिकली होती! डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून जे बघितलं, त्याहून हे वाईट होतं.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, वाटीभर पालकाचं केवढं रामायण! आणि या घरात राक्षस तरी कोण होतं? कुणीच नाही. म्हातारा नातीवर माया करायचा, बाप तिच्यासाठी रडला होता, आजीनं ओव्हनवर पहारा दिला होता. सगळी चांगलीच माणसं होती आणि चांगल्या माणसांच्या घरात पोर पांढरी पडत होती. आपापल्या घरचं पातेलं एकदा डोळ्यांसमोर आणा, एवढंच माझं मागणं आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं पाल्यासकट बीट आणलं. पाला चिरून लसणीवर टाकला, बीट उकडून वर लिंबू पिळलं, जोडीला फ्लॉवर आणि मटार. मग भिंतीकडची दोन स्टुलं टेबलापाशी ओढली, पातेली मधोमध ठेवली, चिमीला आजोबांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःही बसली. घड्याळजी हात धुऊन आले आणि थबकले.

"हे काय चाललंय?"

"जेवण," ती म्हणाली. "आजपासून सगळ्यांनी एकदम बसायचं, बाबा. बसायचं नसेल त्यानं थांबावं, मागाहून उरेल ते घ्यावं."

"माझ्या घरात हे चालणार नाही!"

"मग माझे हातही चालणार नाहीत. चिमी शाळेत चक्कर येऊन पडली, ते कुणी सांगितलं का तुम्हाला? डॉक्टर म्हणतात हिच्यात रक्त नाही. हा तुमचा मुलगा सांगणार होता. तुमच्या पाहुण्यानं काल जे खाल्लं, ते हिचं औषध होतं."

म्हाताऱ्यानं मुलाकडे बघितलं. मुलगा जमिनीकडे बघत होता. सासू दारातून पुटपुटली, "मी आपली मागाहून जेवीन." घड्याळजी खोलीत गेले आणि दार लागलं.

चिमीनं घास उचलला आणि तसाच धरून आधी त्या बंद दाराकडे, मग बाबांकडे, मग आजीकडे बघितलं.

"कुणाकडे बघायचं नाही," आई म्हणाली. "जेव."

घड्याळजींनी दोन दिवस पाव आणि दुधावर काढले, तिसऱ्या दिवशी गुपचूप येऊन खुर्चीत बसले. तोंडानं चूक कबूल करायची त्यांची पद्धत नव्हती, पण पातेलं आपल्याकडे आलं की ते आधी नातीकडे सरकवायला लागले. सासूला स्टुलावर बसायला त्याहून जास्त दिवस लागले, आणि बसली तरी अजून ती उठायच्या तयारीनं बसते. नवरा पहिल्या दिवसापासून बसतो. ताटं तोच मांडतो, न सांगता भाजी चिरतो, जमेल तेवढं गोड वागतो.

एका संध्याकाळी शेंगा सोलता सोलता त्यानं हळूच विचारलं, "अजून राग आहे का गं माझ्यावर?"

"राग नाही," ती म्हणाली.

त्याला हायसं वाटलं. "मग हल्ली मला काहीच का सांगत नाहीस?"

तिनं सोललेले दाणे भांड्यात ओतले, पाण्यानं धुतले, फोडणीत टाकले आणि चिमीला जेवायला हाक मारली.