जावईबापूंचं यकृत

माहेरहून परतल्यावर गाडीच्या डिकीतून निघालेल्या वस्तू मिओकने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ओळीने मांडल्या आणि मोजल्या. डबे चार, पातेलं एक, बाटल्या दोन. पहिल्या डब्यात चेस्टनट घातलेला चिकट भात, दोन किलो. दुसऱ्यात सोया सॉसमध्ये मुरवून शिजवलेल्या डुकराच्या बरगड्या, एक किलो सहाशे ग्रॅम. तिसऱ्यात माशांची आणि भोपळ्याची भजी, शेहेचाळीस. चौथ्यात तिळाचं सारण भरून वाफवलेले तांदळाचे गोळे, साठ. पातेल्यात पोटात भात भरून शिवलेली अख्खी कोंबडी. एका बाटलीत तांदळाचं गोड पेय, तीन लिटर, आणि दुसरीत तिळाचं तेल.

मिओक दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. न मोजता कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. तिने वजनकाटा पुसला, वही उघडली आणि अर्ध्या तासाने बेरजेखाली दोन रेघा मारल्या.

"बावीस हजार साठ कॅलरी!" ती म्हणाली. "तुम्हाला दिवसाला सोळाशेची परवानगी आहे. म्हणजे हे जवळजवळ चौदा दिवसांचं झालं."

"मग चौदा दिवस खाऊ की," दुशिक म्हणाला. त्याची नजर बरगड्यांवर होती. "आईंनी किती प्रेमाने दिलंय गं."

"झाकण लावा!"

दुशिक वाहन शिकवणाऱ्या शाळेत शिक्षक होता. दिवसभर शिकाऊ चालकाच्या शेजारी बसायचं, आणि समोर खांब आला की आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा. सतरा वर्षांत एवढाच काय तो त्याच्या शरीराला व्यायाम. सवय अशी लागली होती की घरातही बायकोचा आवाज चढला की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. आत्ताही दाबला गेला.

हे सगळं साध्या जाडेपणाचं प्रकरण असतं, तर मिओकने एवढा जीव काढला नसता. प्रश्न तिच्या आईच्या जिवाचा होता. मालसुनबाई सहासष्ट वर्षांच्या. उईसंगजवळच्या खेड्यात एकट्या राहायच्या, लसणाच्या शेताचा एक तुकडा कसायच्या. त्यांचं यकृत जुन्या विषाणूने पोखरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिवाळ्याच्या आत दुसऱ्या कुणाच्या तरी यकृताचा भाग बसवावा लागेल. मिओक त्यांची एकुलती एक मुलगी, पण जन्मतानाच तोच विषाणू तिच्यातही आला होता, त्यामुळे तिचं यकृत चालणार नव्हतं. नातेवाइकांत रक्तगट जुळला तो फक्त जावयाचा.

"माझं घ्या," दुशिक डॉक्टरांना म्हणाला होता. "एवढं मोठं पोट आहे, आत काहीतरी जास्तीचं असेलच."

आत जास्तीचं होतं, पण ती चरबी होती. यकृतात अडतीस टक्के. ती वीसच्या आत आल्याशिवाय डॉक्टर सुरीला हात लावणार नव्हते, कारण अशा यकृताचा मोठा भाग काढला तर देणाराच अडचणीत यायचा. औषध नाही. एकच उपाय: कमी खाणं आणि घाम गाळणं. वजन चौऱ्याण्णव किलो सहाशे ग्रॅम, मुदत दहा आठवडे.

मिओकने कंबर कसली. त्याचा भात ग्रॅमवर आला. कोशिंबिरीत काकडी, डब्यात काकडी, मधल्या वेळेला काकडी. लिफ्ट बंद. सतराव्या मजल्यावरच्या घरी रोज दोनदा जिन्याने. संध्याकाळी शिनचन नदीच्या काठाने सहा किलोमीटर झपझप चाल. दुशिक चालायचा, आणि मिओक मागून सायकलवर, हातात घड्याळ घेऊन.

"पाय उचला! तो म्हातारा पुढे गेला तुमच्या!"

"त्याला मागे कुणी नाहीये गं ओरडायला," दुशिक धापा टाकत म्हणायचा. "मोकळा आहे बिचारा."

रात्री तो घरात शिरला की ती आधी त्याचं तोंड हुंगायची आणि मग बूट काढू द्यायची.

पहिल्या तीन आठवड्यांत काटा एक्क्याण्णव आठशेवर आला. मग तिथेच अडला. चौथ्या आठवड्यात एक्क्याण्णव नऊशे. पाचव्यात ब्याण्णव तीनशे! मिओकने वही काढली. रोजच्या तुटीप्रमाणे आजवर पाच किलो नऊशे ग्रॅम उतरायला हवे होते, उतरले होते दोन किलो तीनशे. राहिलेल्या तीन किलो सहाशे ग्रॅमच्या कॅलरी केल्या तर सत्तावीस हजार सातशे. एवढं अन्न हवेतून येत नाही.

"तुम्ही चोरून खाता!"

"मी?" दुशिकचा पाय जमिनीवर गच्च दाबला गेला.

"ब्रेक सोडा आणि बोला!"

मिओक तडक खाली गेली आणि गाडीचा पुढचा कप्पा उघडला. आत उईसंगहून येणाऱ्या बसमधून पाठवलेल्या पार्सलांच्या पावत्या होत्या. अकरा. पाठवणार मालसुनबाई, घेणार दुशिक, पत्ता त्याच्या शाळेजवळच्या बसस्थानकाचा. शेवटच्या पावतीला त्याच अक्षरातली चिठ्ठी टाचलेली: 'जावईबापू, गरम आहे तोवर खा. डबा धुऊन परत पाठवा. मिओकला कळू देऊ नका.'

मिओकने तिथेच उभ्या उभ्या भागाकार केला. सत्तावीस हजार सातशे भागिले अकरा, म्हणजे दर पार्सलमागे अडीच हजार. हिशेब जुळल्याचं समाधान तिला क्षणभर वाटलं आणि मग ती पावत्या मुठीत घेऊन वर धावली.

"मी काय करणार होतो?" वर आल्यावर दुशिक म्हणाला. "आईंना उभं राहवत नाही. तरी चुलीपाशी उभ्या राहून करतात. ते मी परत कसं पाठवू? फेकू?"

"मला सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू आईंना बोलली असतीस. आजारी माणसाला."

"आणि ती मेली तर?" मिओक ओरडली आणि ओरडल्यावर तिलाच रडू फुटलं.

गुरुवारी मालसुनबाईंची रुग्णालयात तपासणी होती. तिघंही प्रत्यारोपण विभागातल्या प्यन सिस्टरांच्या टेबलासमोर बसली. सिस्टर चौदा वर्षं याच विभागात होत्या. देणारे, घेणारे आणि त्यांचे भांडणारे नातेवाईक असे सगळे त्यांच्या टेबलावरून गेले होते. मिओकने अकरा पावत्या पत्त्यांसारख्या त्यांच्यापुढे पसरल्या.

"बघा! ही माझी आई! जिच्यासाठी आम्ही मरतोय, तीच मुळावर उठलीये!"

"जावयाला खाऊ घालणं हा गुन्हा कधीपासून झाला?" मालसुनबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेल्या महिन्यापेक्षा वाढला होता, पण आवाज खणखणीत होता. "माझ्या दारात आलेला माणूस उपाशी गेला नाही आजवर. काकड्यांवर ठेवलंय त्याला! ससा आहे का तो?"

"आई, भजी मात्र या वेळी फार—" दुशिकने सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा!" दोघी एकदम म्हणाल्या.

प्यन सिस्टर पावत्यांकडे बघत होत्या. त्यांनी त्या तारखांप्रमाणे लावल्या. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"आजी, मला एक आठवतंय. दीड महिन्यापूर्वी यांचा पहिला अहवाल आला, तेव्हा लेक आणि जावई बाहेर औषधं घ्यायला गेले होते. तुम्ही मला विचारलंत, की किती चरबी असली म्हणजे कापत नाहीत? मी म्हटलं, वीसच्या वर. तुम्ही तो आकडा हातावर लिहून घेतलात. मला वाटलं, काळजीने विचारताहेत."

मालसुनबाई खिडकीकडे बघू लागल्या.

"पहिलं पार्सल त्याच्या तिसऱ्या दिवशीचं आहे."

मिओकचा हात पावत्यांवरच राहिला.

"आई?" ती म्हणाली.

"मग काय करू?" मालसुनबाई एकदम उसळल्या. "तू दारात येऊन रडलीस. तुला नाही कसं म्हणू? पण दुसऱ्याच्या पोराचं पोट माझ्यासाठी फाडायचं? याची आई आज जिवंत असती तर मी तिला काय तोंड दाखवलं असतं? मला म्हातारीला चार वर्षं जास्त मिळावीत म्हणून? त्याला काही झालं तर तू माझ्याकडे कशी बघशील? त्यापेक्षा जाडा राहील, जिवंत राहील! डॉक्टरच नको म्हणाले की तुझाही दोष नाही, माझाही नाही!"

म्हणजे आई जावयाचे खाऊ घालून लाड करत नव्हती, तर खाऊ घालून नकार देत होती! अकरा पार्सलं म्हणजे अकरा वेळा 'नको'!

सगळ्यात आधी बोलला तो दुशिक. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आई, हे तुम्ही आधी तोंडाने सांगायचं होतंत! मी पाच आठवडे काकडी खाल्ली! सतरा मजले चढलो!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं! आताही ऐकत नाही!" तो खुर्चीत पुढे सरकला. "माझी आई मी अकरावीत असताना गेली. लग्नानंतरची एकवीस वर्षं मी तुमच्या हातचं खातोय. हे यकृत कशाचं बनलंय? तुमच्या भाताचं, तुमच्या बरगड्यांचं. त्यातली चरबीसुद्धा तुमचीच आहे. मी माझं काय देतोय? तुमचंच थोडं परत करतोय. तेही घ्यायला लाजता?"

मालसुनबाईंनी पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं.

"मी एक बोलू?" प्यन सिस्टर म्हणाल्या. "आजी, नको म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आज नको म्हणालात तर ही फाइल मी आत्ता बंद करते आणि कुणी तुम्हाला काही बोलणार नाही. पण ते तोंडाने म्हणा. भज्यांनी नको. तुम्ही डब्यातून बोलता, लेक वहीतून बोलते, आणि जावई बोलतच नाहीत, खातात. आपल्याकडे हेच चालतं. माया आली की वाढा, राग आला की वाढा, भीती वाटली की आणखी वाढा. समोरच्याचं पोट फुगतं आणि मनातली गोष्ट मनातच राहते." मग त्या मिओककडे वळल्या. "आणि ताई, तुम्ही सायकलवर मागून येता असं जावई सांगत होते."

"वेळ नोंदवायला," मिओक पुटपुटली.

"बैल हाकलतात मागून. माणसाबरोबर चालतात. त्यांना पार्सलचं तुम्हाला सांगायची भीती वाटली, याची नोंद केलीत का वहीत?"

मिओकने मान खाली घातली. तिच्या त्या नेटक्या वहीत खरंच तो रकाना नव्हता.

मालसुनबाईंनी जावयाच्या पोटाकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे.

"कापल्यावर ते परत वाढतं म्हणता ना? नक्की?"

"वाढतं. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, पण आम्ही मोजूनमापून करतो. आणि चरबी जेवढी कमी, तेवढा त्यांना धोका कमी."

"असं आहे तर!" मालसुनबाई ताठ बसल्या. "मग वीस कशाला? पंधराच्या खाली आणू!"

डॉक्टरांनी मुदत दोन आठवडे वाढवून दिली. त्याहून जास्त थांबणं मालसुनबाईंच्या प्रकृतीला परवडणारं नव्हतं. आता स्वयंपाकाचा ताबा त्यांनी घेतला. लेकीकडे राहायला आल्या, खुर्चीत बसून हुकूम सोडू लागल्या. वाफवलेला कोबी, टोफू, समुद्रशेवाळाचं पातळ सूप. तेल थेंबाने. मिओकची वही त्यांनी मागून घेतली आणि चष्मा लावून तिच्यातल्या दोन चुका काढल्या. दुशिकला वाटू लागलं की बायकोचं राज्य खूपच दयाळू होतं.

"जावईबापू, कुठे आहात?" फोन यायचा.

"जिना चढतोय, आई. नववा मजला."

"धाप का लागत नाहीये? लिफ्टच्या दाराचा आवाज आला मला! खाली जा आणि पहिल्यापासून चढा!"

मिओकने सायकल शेजारच्या मुलीला देऊन टाकली. ती आता दुशिकच्या शेजारून चालायची. पहिल्याच दिवशी तिला कळलं की सहा किलोमीटर म्हणजे फार असतात. चौथ्या किलोमीटरला ती पुलाखाली बसली, आणि दुशिकने हातातलं घड्याळ बघत म्हटलं, "पाय उचला, बाईसाहेब, तो म्हातारा पुढे गेला." दोघं एवढी हसली की म्हातारा मागे वळून बघू लागला. त्या संध्याकाळी दुशिकने तिला पहिल्यांदा सांगितलं की त्याला शस्त्रक्रियेची भीती वाटते. ती म्हणाली की तिलाही. मग उरलेले दोन किलोमीटर ते त्याबद्दलच बोलत चालले.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी वजन शहाऐंशी किलो शंभर ग्रॅम भरलं. यकृतातली चरबी चौदा टक्के. मालसुनबाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मागितल्याहून एक टक्का जास्तच उतरवलात."

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात आग्रह करून वाढणारं कुणीतरी असतं, आणि ताटावर पहारा ठेवणारंही कुणीतरी असतं. दोघांच्याही मनात माया असते यात शंका नाही. पण वाढल्याने माया पोचते असं नाही आणि हिसकावल्यानेही नाही. आपल्या माणसाचं वजन उतरवायचं असेल तर त्याच्या मागे धावू नका, त्याच्या बरोबर चाला. आणि मनात जे असेल ते वाटीत न घालता शब्दांत सांगा. 'नको' म्हणायचं असेल तर 'नको' म्हणा. आणि कुणी प्रेमाने काही देत असेल, तर ते घ्यायलाही शिका!

शस्त्रक्रिया नोव्हेंबरच्या एका मंगळवारी झाली. साडेअकरा तास चालली. दुशिकच्या यकृताचा उजवा भाग काढून तोलला, तो आठशे बारा ग्रॅम भरला.

तीन महिन्यांनी दोघांचे स्कॅन एकाच सकाळी झाले. दुशिकचं उरलेलं यकृत वाढून: एक हजार एकशे वीस मिलिलिटर. मालसुनबाईंना दिलेलं वाढून: एक हजार नव्वद.