फुंकरबाबाचा मंगळवार

नाक्यावरचं फाटक बरोबर अकराला वर गेलं आणि गर्दीने फुंकरबाबाचा जयजयकार केला. फळमाशीच्या बंदीमुळे दीड वर्ष गावाबाहेर एक फळ गेलं नव्हतं. बाबा खुर्चीवर उभा राहून सांगत होता, "मंगळवारी अकरा, म्हणालो होतो ना? एक फुंकर मारली, गेली माशी. आता परत यायची नाही."

मी फळमाशी खात्याचा सापळेवाला. फाटकाची दोरी माझ्याच हातात होती आणि मान वर होत नव्हती.

"सापळे ठेवणं म्हणजे माझ्यावर अविश्वास," बाबा म्हणाला. "काढून टाका."

सगळ्यांत पुढे माझी ताई. तिने आपल्या बागेतला चिकट सापळा आणून बाबाच्या पायाशी ठेवला. मग बघता बघता तिथे ढीग झाला.

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! पण ते बीळ मीच दाखवलं होतं. आठ दिवसांपूर्वी ताईकडे चहा पिताना मी बढाई मारली, "कुणाला सांगू नकोस, मंगळवारी अकराला बंदी उठतेय." ताईने ते भक्तिभावाने बाबाच्या कानावर घातलं. बंदी लागली तेव्हा तिची पिकलेली फळं मीच खड्ड्यात पुरली होती. त्यानंतरच ती बाबाकडे जायला लागली. आता सापळे नसताना अळी लागलेलं एखादं फळ आत आलं, तर कळेपर्यंत सगळ्या बागा पुन्हा खड्ड्यात जाणार होत्या.

मी फाटकाशी फळं भरून उभ्या असलेल्या ट्रकच्या पायरीवर चढलो. "ही तारीख माझ्या तोंडून फुटली. शेवटची माशी सापडल्यावर तिच्या तीन पिढ्यांइतका काळ सापळे रिकामे राहिले, की बंदी उठते. तो दिवस आम्ही कागदावर हिशेब मांडून काढतो. माशी संपली ती आम्ही सोडलेल्या निर्बीज नरमाश्यांमुळे, त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी उबत नाहीत, आणि तुम्ही गळून पडलेली फळं रोज वेचलीत त्यामुळे."

"जळतोय," बाबा हसला.

"जळत असेन. डोंगरापलीकडचं फाटक अजून बंद आहे. त्याची तारीख मला ठाऊक नाही. तुम्ही सांगा."

बाबाने डोळे मिटले. लोक थांबले. मग तो म्हणाला, "तिकडची हवा वेगळी आहे," आणि पाणी प्यायला म्हणून खुर्चीवरून जो उतरला, तो परत चढला नाही.

ताईने ढिगातून आपला सापळा शोधून काढला. "आठ दिवस हा माणूस तारीख सांगत फिरत होता. तू गप्प का बसलास?"

नोकरीला भिऊन, असं खरं उत्तर होतं. तेही मी ढिगातले सापळे उचलत, खाली बघूनच दिलं.

खात्याने माझी चौकशी लावली आहे, ती योग्यच आहे. तुम्हाला एवढंच सांगतो: कुणी भविष्य वर्तवलं, तर हात जोडण्याआधी विचारा, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि सांगणारे तुम्हीच असाल, तर त्याच दिवशी कबूल करा. बाबाला मोठं त्याच्या फुंकरीने केलं नाही, माझ्या गप्प बसण्याने केलं.