जोएलचा हुकलेला शनिवार

आमच्या रॉटरडॅमच्या घरामागे विटांचा एक अरुंद बोळ आहे. हिवाळ्याच्या तोंडावर, दुपार संपण्याआधीच राखाडी झालेला उजेड भिंतींवरून ओघळू लागला, की त्या बोळातून एक आवाज येई: चेंडू भिंतीवर आदळून पायाशी परतण्याचा, मऊ, ओलसर, दूर कुणीतरी सावकाश धुणं आपटत असल्यासारखा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून जोएल चेंडूतली थोडी हवा काढून ठेवायचा. आवाजाचीसुद्धा इतकी काळजी घेणारा मुलगा मी तोवर पाहिला नव्हता.

महासाथीच्या त्या पहिल्या शरदात तो आमच्याकडे राहायला आला. दक्षिण लंडनचा; तिथल्या एका बड्या फुटबॉल क्लबच्या अकादमीत लहानपणापासून घडलेला, पण पहिल्या संघाचा दरवाजा काही केल्या उघडेना म्हणून एका मोसमापुरता इथल्या क्लबला उसना दिलेला. ‘‘उसनी आणतात ती वाटीभर साखर,’’ सुधीर, माझा नवरा, म्हणाला होता, ‘‘माणूस कसला उसना आणतात?’’ क्लबला अशा मुलांसाठी घरगुती खोल्या हव्या होत्या आणि आमचा लेक शिकायला बाहेर पडल्यापासून आमची वरची खोली रिकामीच होती. आमचं बोलणं इंग्रजीत चाले; सुधीरनं शिकवलेली ‘काकू’ ही हाक मात्र त्यानं पहिल्याच आठवड्यात अशी उचलली, की जणू ते माझं पाळण्यातलं नाव असावं.

उंच, सडपातळ, सावळ्या कांतीचा तो मुलगा चालताना जमिनीची परवानगी घेत असल्यासारखा चाले. त्याच्या देहात एक अखंड प्रतीक्षा मुरलेली होती. दिव्याच्या बटणाकडे जाणारा हात, उघड्या फ्रिजसमोर क्षणभर थबकणारी मान, जेवायला बसताना खुर्चीच्या कडेवरच टेकणं. कुणीतरी नाव पुकारेल आणि ताबडतोब उठावं लागेल, हे त्याच्या स्नायूंनी कधीचं पाठ करून टाकलं होतं.

‘‘तिथं सगळे म्हणतात, मी चांगला आहे,’’ एकदा वरणभात कालवता कालवता तो म्हणाला. ‘‘पण चांगल्यांची रांग असते, काकू. आणि दर उन्हाळ्यात विमानातून कुणीतरी उतरतं नि थेट रांगेच्या पुढं जाऊन उभं राहतं.’’

‘‘म्हणजे आमच्या ऑफिससारखंच की,’’ सुधीर म्हणाला. ‘‘लोणचं घे.’’

तो हसला. त्याचं हसू ओठांच्या आधी खांद्यांवर यायचं.

शनिवारी आम्ही सामना टीव्हीवर बघायचो. प्रेक्षकांविना ओस पडलेलं ते प्रचंड मैदान, खुर्च्यांच्या निर्जीव रांगा, खेळाडूंच्या हाका छतावर आपटून पोकळ होऊन परत येताना. आणि एका कोपऱ्यात, राखीव खेळाडूंमध्ये, पायघोळ कोट आणि मास्क घालून बसलेला आमचा जोएल. कॅमेरा त्याच्यावरून पक्ष्याच्या सावलीसारखा सरकून जायचा.

मग ऐन दिवाळीत उजव्या बाजूचा बचावपटू जायबंदी झाला आणि प्रशिक्षकांनी जोएलला सांगितलं, येत्या नाही, पुढच्या शनिवारी तू खेळणार, पहिल्या मिनिटापासून. घरी आल्यावर तो ओरडला नाही, नाचला नाही. स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं बेसिनमधली सगळी भांडी घासली. घासलेलीही पुन्हा घासली. हात पुसत मग हळूच म्हणाला, ‘‘त्या शनिवारपर्यंत घरी कुणाला बोलावू नका. आणि तुम्हीही कुठं जाऊ नका. प्लीज, काकू.’’

मी मान डोलावली. जे यंदापर्यंत कुणाजवळ बोलले नव्हते, ते याच्यापुढचं आहे.

दुसऱ्याच दिवशी उइटहॉर्न गावाहून माझ्या मैत्रिणीचा, वैशालीचा, फोन आला. ‘‘अगं, चौघीच आहोत. फराळ करू, तासभर बसू. पडदे ओढून घेते मी. किती महिन्यांत माणसाचं तोंड बघितलं नाहीये.’’ या देशात दिवेलागणीलाही खिडक्या उघड्या असतात; ओढलेला पडदा हीच इथं गुन्ह्याची कबुली. तरी मी गेले. घरी सांगितलं, बाजारात जाऊन येते. करंज्या खाल्ल्या, अंगाला अंग लावून बसले, एकमेकींच्या साड्यांचे पदर हातात घेऊन पाहिले, आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं एकटेपण त्या बंद खोलीत भडाभडा बोलून टाकलं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी फोडणी करताना हिंगाची डबी उघडली. वास नाही. डबी नाकाशी धरली. काहीच नाही, जणू त्या डबीत हिंगाऐवजी नुसती संध्याकाळ भरून ठेवली होती. मला कळलं. पूर्णपणे कळलं. मी झाकण लावलं आणि स्वतःला म्हटलं, सर्दी आहे. बोलले असते तर त्याला त्या क्षणी घरात कोंडून घ्यावं लागलं असतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तो नवा उजेड मी माझ्या तोंडानं विझवू शकत नव्हते. हे खरं. पण मी कुठं गेले होते ते सांगायची लाज वाटली, हे त्याहून खरं.

शुक्रवारी सकाळी तो संघाबरोबर मुक्कामाला निघाला. मी निरांजन लावलं. माझ्या मुलाला परीक्षेला जाताना करायचे तसंच त्याला औक्षण केलं, तळहातावर दही-साखर ठेवली. ज्योत त्याच्या डोळ्यांत थरथरली. इतका उंच मुलगा, माझा हात पोचावा म्हणून गुडघ्यात वाकला होता. त्याचा श्वास मला लागत होता, माझा त्याला.

दुपारी दाराची घंटा वाजली. गारांचा सडा पडत होता आणि तो पायरीपासून लांब, फाटकाशी उभा होता, बॅग छातीशी धरून.

‘‘काकू, आधी मास्क लावा,’’ तो म्हणाला. ‘‘माझी टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. सॉरी. तुम्हाला दिलं नसलं म्हणजे मिळवली.’’

शनिवारी खाली आमचा टीव्ही आणि वर त्याचा फोन, असा एकच सामना एका घरात दोनदा झाला. त्याच्या जागी खेळलेला मुलगा त्याच्याच वयाचा होता आणि सुरेख खेळला. सामना संपला तेव्हा वरून टाळ्या ऐकू आल्या. एका माणसाच्या, मोजक्या, मनापासूनच्या. ती जागा त्या मुलानं मोसमभर सोडली नाही. जोएल माझ्याआधी बरा झाला. सुधीरला लांबूनच विचारत विचारत त्यानं खिचडी केली, ती खाली लागली, आणि मला चव नसतानाही मी ताट चाटूनपुसून संपवलं. वसंतात, झाडांना कोवळी पालवी फुटत असताना, एकही सामना न खेळता तो परत गेला.

आता तो इंग्लंडातल्या एका लहान गावच्या संघातून खेळतो, आठवडाभर शाळेतल्या पोरांना शिकवतो. दिवाळीला न चुकता फोन करतो. यंदा मी त्याला सगळं सांगितलं: उइटहॉर्न, करंज्या, हिंग.

‘‘मला शंका होती,’’ तो म्हणाला. ‘‘गुरुवारी रात्री तुम्ही खोकत होतात. त्या घराची जमीन कागदासारखी पातळ आहे, काकू.’’

‘‘मग विचारलं का नाहीस?’’

‘‘विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. मग मला खेळता आलं नसतं.’’ पुढं म्हणाला, ‘‘मी उशी कानांवर दाबून झोपलो. संघातल्या एकालाही झालं असतं तर? हे मीही आजवर कुणाला बोललो नव्हतो.’’

मी रडले नाही. इतकी वर्षं एकटीनं उचललेलं ओझं दुसऱ्या टोकाकडूनही कुणीतरी धरून होतं, हे कळल्यावर हाताला जे हलकेपण येतं, त्याला कृतज्ञतेखेरीज दुसरं नाव मला ठाऊक नाही. त्यानं मला क्षमा केली नाही, मी त्याला केली नाही. आम्ही फक्त एकमेकांना खरे दिसलो. माणूस दुरावतो आणि काळ त्याच्यामागून घडलेले दिवस हळूहळू पुसत नेतो. न घडलेल्या दिवसांना मात्र काळाचा हात लागत नाही. आणि कधीच न उजाडलेल्या त्या एका शनिवारच्या उजेडात तो मुलगा मला अजून सगळ्यांत स्पष्ट दिसतो.