शुभकार्याचा हात

तंजावूरच्या तारघरात जयतीर्थाचा उजवा हात, अजून मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून, तारयंत्राच्या खटक्यावर नाचत होता. यंदा मनगट आखडलं. घास उचलताना बोटं कापू लागली. वैद्यांनी तेल दिलं, विश्रांती सांगितली, आणि तेल तेवढं त्याने घेतलं.

तारघराचे मास्तर श्रीनिवासराव म्हणाले, "तिकिटांच्या खिडकीत बस."

"तिथं शिक्के मारायचे. त्यालाही मनगटच लागतं की, राव."

"मग सायकलवर तारा वाट."

"आणि खटका?"

"खटक्याला कोणीही मिळेल."

ते वाक्य त्याला मनगटापेक्षा जास्त दुखलं. मग तो गुपचूप डाव्या हाताने तारा ठोकायला शिकला. मात्र त्यात त्याने एक नेम पाळला. माल पोचला, गाडी चुकली, आजारी आहे, सगळं डाव्याने. लग्नाची तार मात्र उजव्याने. अक्षता कोणी डाव्या हाताने टाकतं का?

वैकासी, म्हणजे तमिळ वैशाख, लागला, मुहूर्तांची दाटी झाली. तारांचा गठ्ठा सगळा शुभच निघाला. दुपारी एका वधूच्या नावाच्या मध्यावर उजवी बोटं वळली ती वळलीच. तार अर्धी राहिली. श्रीनिवासरावांनी ती दुसऱ्याकडून पुरी करून घेतली आणि चष्मा पुसत म्हणाले, "उद्या असंच झालं तर खिडकी."

पहाटे भागीरथीबाई, त्याची आई, डोशाचं पीठ वाटत होती. दगड फिरवता फिरवता तिने हात बदलला, ओवी मात्र तुटू दिली नाही:

*उजवा गं दमला, डाव्या, ये तू धावून,*
*दोघे भाऊ एका घरी, काम घेऊ वाटून.*

त्याने तिला लग्नाच्या तारांचं सांगितलं. ती हसली.

"तुझ्या लग्नातलं पीठ मी कुठल्या हाताने वाटलं होतं, विचारलंस कधी?"

"कुठल्या?"

"दोन्ही. देवाने नैवेद्य घेतला, तुझ्या सासऱ्याने चारदा डोसे मागून घेतले. पाट घे, बस."

सकाळी पहिलीच तार लग्नाची. जयतीर्थाने उजवा हात मांडीवर ठेवला. डावा खटक्यावर चालू लागला, नवी सून उंबरा ओलांडते तसा. चार शब्द गेले, आणि तिरुचीच्या तारघरातून राममूर्तीने थांबवलं. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ओळख होती ती हाताच्या चालीची, आणि डाव्याने आलेल्या तारा राममूर्ती आजवर दुसऱ्याच कोणाच्या समजत होता.

"कोण तुम्ही? जयतीर्थ कुठे आहे?"

"मीच. डाव्या हाताने."

श्रीनिवासराव मागे येऊन उभे राहिले होते. मग तिरुचीहून सावकाश टकटक आली.

"असं होय. हळू ठोका. वधूचं नाव पुन्हा द्या."

जयतीर्थाने वधूचं नाव पुन्हा दिलं. कनकलता. श्रीनिवासरावांनी पुढची तार त्याच्या डाव्या बाजूला ठेवली आणि आपल्या टेबलाकडे गेले.