कापलेलं दार

गल्लीनं एकमुखानं ठरवलं होतं : किनाऱ्यावरून आलेल्या कुणालाही खोली द्यायची नाही. सुतारानंही मान डोलावली होती. त्याची मागची खोली रिकामीच होती. तिथे फळ्यांचे तुकडे आणि उंदीर सुखानं नांदत होते.

म्हणून ती बाई डोक्यावर आख्खं दार घेऊन दुकानात आली, तेव्हा त्यानं तिला बससुद्धा म्हटलं नाही. समुद्रानं गाव गिळलं तेव्हा तिथल्या प्रत्येक घरानं आपलं दार उतरवून बरोबर आणलं होतं, नवं घर मिळालं की लावायला. घर काही मिळालं नाही. ती माणसं राहत होती त्या पत्र्याच्या शेडमध्ये दारं नुसतीच भिंतीला टेकून उभी होती.

"दादा, हे दार घ्या आणि महिनाभर मागची खोली द्या," ती म्हणाली. "नवरा तापानं फणफणलाय. पत्र्याखाली भाजून निघतोय."

"खोलीचं नाव काढू नका. दार विकायचं असेल तर बोला."

बाईनं दार उतरवून भिंतीला टेकवलं. मग औषधापुरते पैसे घेऊन गेली.

सुताराचे वडील कोपऱ्यात करवतीला धार लावत बसले होते. "खोली पडूनच आहे की," ते म्हणाले.

"आज एकाला दिली की उद्या दहा येतील, बाबा. जरा पाय ओले झाले की पळत सुटायचं आणि दुसऱ्याच्या उरावर बसायचं."

"जरा पाय?" म्हाताऱ्यानं दारावर बोट ठेवलं. मिठाचे पांढरे पट्टे खालून वर चढत गेले होते. घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. "इतकं पाणी येईपर्यंत ही माणसं घर धरून होती. आणि समुद्र काय आपल्या मनानं चढला? साऱ्या जगाच्या धुरानं चढवला त्याला. त्यात आपल्या गल्लीचाही धूर आहे."

सुतारानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लाकूड जुनं, मुरलेलं होतं. त्यानं दार मधोमध कापलं. दोन टेबलं सहज निघणार होती.

दुसऱ्या दिवशी बाई परत आली. पैसे तिच्या मुठीत तसेच होते.

"औषध लागलंच नाही," ती म्हणाली. "आमच्यात गेलेल्या माणसाला त्याच्याच घराच्या दारावर निजवून नेतात. तेवढ्यापुरतं द्या. परत आणून देते."

सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन तुकडे तिच्यासमोरच पडले होते. वडिलांनी त्याच्या हातात हातोडी दिली. त्यानं मागून पट्ट्या ठोकून दार जोडलं, पण सांधा काही लपला नाही. बाईनं त्यावरून एकदा हात फिरवला. मग पुढची बाजू सुतारानं स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि सारी गल्ली बघत असताना शेडकडे निघाला.

संध्याकाळी तो मागची खोली रिकामी करू लागला, तेव्हा शेजारी येऊन म्हणाला, "आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. चुकलं होतं."

ते दार आता त्याच खोलीला लावलंय. आत बाई एकटीच राहते.

वाचकहो, आपला उंबरठा आज कोरडा आहे, यात आपलं कर्तृत्व काहीच नाही. दारात आलेल्या माणसाला वेळेवर आत घ्यावं. सुतारानंही खोली दिलीच. एक दिवस उशिरा.