रिकाम्या कंसावर धरलेले भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. माझी पितळी कड काळवंडली आहे, मुठीला चीर गेली आहे, पण काच अजून शाबूत आहे बरं का! एका चष्मेवाल्याने मला हाताने घासून घडवले आणि दुकानात मांडले. तिथून मला एका तरुण मुलीने उचलले. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास शिकायला ती परदेशी निघाली होती. तिची धाकटी बहीण दुकानाच्या दाराशी रुसून उभी होती. "इतकी वर्षं? आणि मी काय इथे माशा मारत बसू?" ती म्हणाली.

ती मुलगी पुढे विद्यापीठात शिकवू लागली आणि सगळे तिला बाई म्हणू लागले. बाईंचा जीव जडला होता एका फाटक्या तुकड्यावर. लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावर कोणा ख्रिस्ती स्त्रीने ग्रीक भाषेत लिहिलेली ती प्रार्थना होती. कागद मधोमध फाटलेला, त्यामुळे प्रत्येक ओळ अर्धीच. शेवटची ओळ होती, "प्रभो, माझ्या बहिणीला..." आणि पुढे काहीच नाही. काय मागितले असेल त्या माउलीने?

या विषयात अशी रीत आहे, की फाटलेल्या जागी चौकोनी कंस काढायचा आणि आत आपला अंदाज लिहायचा. मोठमोठ्या विद्वानांनी तो कंस भरून टाकला. कोणी 'क्षमा कर' लिहिले, कोणी 'स्वर्गात जागा दे'. ही बहीण सख्खी नव्हेच, त्या काळी ख्रिस्ती लोक एकमेकांना भाऊ-बहीणच म्हणत, असेही सांगून झाले. बाईंनी मात्र आपल्या पुस्तकात कंस रिकामा ठेवला. "मला जे दिसत नाही, ते मी लिहिणार नाही," त्या म्हणत. लोक हसले, बढतीही हुकली. पण त्या तासन्‌तास मला त्या फाटक्या कडेवर धरून बसत आणि मीही डोळ्यांत प्राण आणून बघत असे. काय सांगू, ते माझे सोन्याचे दिवस होते!

मग बाई निवृत्त झाल्या आणि धाकटीच्या घरी राहायला आल्या. त्यांचे डोळे अधू होत गेले आणि मी शिवणाच्या डब्यात जाऊन पडले. धाकटी कपडे शिवायची. सुईत दोरा ओवायला, बोटात गेलेले कुसळ काढायला ती मला बाहेर काढी. "चला, जन्मात पहिल्यांदा काही कामाचं बघतंय हे," असेही वर म्हणायची. मला भारी राग यायचा. आणि त्याहून जास्त आठवण यायची, त्या अर्ध्या ओळीची.

एके दुपारी बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीने एक मोठा फोटो पाठवला. तुकड्याचा दुसरा अर्धा भाग सापडला होता! दुसऱ्या एका संग्रहालयात तो चौकटीत उलटा बसवला गेला होता आणि कोरी पाठ पाहून कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघितले नव्हते. "शेवटची ओळ आधी तुम्ही वाचा, बाई. मग आम्ही," असा तिचा निरोप होता. बाईंनी मला त्या फोटोवर धरले. मी जीव तोडून अक्षरे मोठी केली, पण त्यांना नुसते धुके दिसले. मित्रांनो, तेव्हा मला फुटून जावेसे वाटले.

धाकटीने मला त्यांच्या हातातून घेतले. "तुझी ग्रीक मला येत नाही ताई, पण दिसतं तसं सांगते. शेवटची ओळ ना? हा एक गोल. मग उभी काठी. मग काठीला उजवीकडे दोन फांद्या. पुन्हा गोल."

"पुन्हा सांग," बाई म्हणाल्या.

धाकटीने पुन्हा सांगितले. पुढची-मागची अक्षरेही सांगितली. बाईंनी ती अक्षरे बोटाने आपल्या तळहातावर गिरवली.

"अगं, बोल की! काय मागितलंय तिने?"

"माझ्या बहिणीला घरी आण."

"एवढंच?" धाकटी हसली. "हे तर मी रोज म्हणायचे गं, तू तिकडे होतीस तेव्हा. फक्त लिहून नाही ठेवलं."

बाईंनी चाचपडत तिचा हात धरला, माझ्यासकट.

आता मी पुन्हा शिवणाच्या डब्यात असते. मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने भिंग असेल, तर त्याला मऊ फडक्याने पुसा. सदऱ्याच्या टोकाने नको, चरे पडतात. आणि घरी कोणी तुमची वाट बघत असेल, तर ते काय मागतात हे त्यांना विचारा. तो कंस तरी रिकामा ठेवू नका.