पुढची येऊ दे

माझ्या नवऱ्याला कुठलीही वस्तू आज घ्यायची म्हटलं की जिवावर येतं. व्हर्लिन त्याचं नाव, माझं आर्लिस. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली आणि त्यातली निम्मी मी "थांब, पुढची येऊ दे" हे ऐकण्यात घालवली. गाडीचं तेच, इस्त्रीचं तेच. फ्रीजचं दार लागेना तेव्हा दोन हिवाळे मी ते दोरीने बांधत होते, कारण पुढचा फ्रीज म्हणे आपणहून बर्फ करणार होता. हे कुठे, तर अमेरिकेच्या उत्तरेला डुलुथमध्ये, जिथे खिडकीतून हात बाहेर काढला की बर्फ मिळतो.

कॉम्प्युटरच्या बाबतीत तर विचारूच नका. आमच्या लायब्ररीच्या तळघरात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एक मंडळ भरतं. चौदा माणसं, सगळी नोकऱ्या संपवून बसलेली, आणि सगळ्यांचा जीव एकाच वस्तूवर: सँडविचच्या डब्याएवढा एक छोटा चौकोनी कॉम्प्युटर. मंडळात त्याला डबी म्हणतात. कंपनी दीड-दोन वर्षांनी नवी डबी काढते आणि मधला सगळा काळ आमची मंडळी पुढच्या डबीत काय असेल यावर डोकेफोड करतात. मेमरी दुप्पट होईल का, पुढच्या बाजूला पोर्ट दोन देतील की तीन, आतला पंखा जाणार का, आणि चालू करायचं बटण, जे कुणा शहाण्याने डबीच्या तळाला बसवलंय, ते वर येणार का. या बटणावरून दोन म्हाताऱ्यांनी महिनाभर अबोला धरलेला मी पाहिलाय.

जानेवारीत प्रत्येकाने आपलं भाकीत एका कार्डावर लिहायचं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. झाकणाला चिकटपट्टी. नवी डबी जाहीर झाली की डबा उघडायचा आणि ज्याचं सगळ्यात जास्त जुळेल त्याला माझ्या हातचा अख्खा ब्लूबेरीचा केक. नियम एकच, तोही व्हर्लिनने घातलेला: कार्ड टाकल्यावर ज्याने मधेच डबी विकत घेतली त्याचं कार्ड बाद. ज्याला थांबवत नाही त्याने पुढचं सांगू नये, असं त्याचं म्हणणं. गेल्या अकरा वर्षांत डबा सहा वेळा उघडला आणि त्यातल्या चार वेळा व्हर्लिन जिंकला, म्हणजे माझा केक माझ्याच घरी परत आला. आणि स्वतः हा भविष्यवेत्ता वापरतो काय, तर अकरा वर्षांची जुनी डबी. घ्यायची वेळ आली की पुढची येणारच असते ना.

यंदा फेब्रुवारीत त्याचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून मी आल्याचा चहा पाजत राहिले. सर्दी नव्हती. घशात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी सव्वीस मार्च ही तारीख दिली. स्वरयंत्र काढून टाकायचं. माणूस जगेल अशी आशा चांगली होती, पण आवाज जाणार होता, तोही कायमचा.

हॉस्पिटलात माई वांग म्हणून एक मुलगी आहे, बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलतं करणारी. तिने आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. ऑपरेशनच्या आधी व्हर्लिनने तीनशे वाक्यं वाचून रेकॉर्ड केली, तर त्यातून कॉम्प्युटर त्याचा आवाज तयार करतो. मग त्याने काहीही टाइप केलं की ते त्याच्याच आवाजात ऐकू येईल. घरी, शांत खोलीत, रोज थोडं थोडं वाचायचं. माइक तिने दिला. फक्त कॉम्प्युटर गेल्या तीन-चार वर्षांतला हवा, जुन्यावर हे चालत नाही. फोनवरही होतं म्हणाली, पण आमचे दोघांचे फोन अजून झाकणाचे. का, ते सांगायला नको.

मी घरी आल्या आल्या म्हटलं, चल, डबी घेऊन येऊ. व्हर्लिन म्हणाला, सप्टेंबरात नवी येतेय. चिप बदलणार, मेमरी वाढणार, असले आवाज-बिवाज त्यात जास्त चांगले होणार. आता घेणं म्हणजे मूर्खपणा.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, सप्टेंबरात रेकॉर्ड करायला तुझ्याकडे असेल काय, कप्पाळ? तो उठून गॅरेजमध्ये गेला. आठ दिवस हेच चाललं. मी बोलायचे, तो गॅरेजमध्ये जायचा. आवाज दिवसेंदिवस घोगरा होत होता. मला तो आवाज कानात भरून ठेवावासा वाटायचा आणि भांडणापलीकडे तो मला ऐकूही येत नव्हता. मी सरळ दुकानात जाऊन डबी आणू शकत होते. पण मी आणलेल्या डबीपुढे त्याने तोंड उघडलं नसतं. हा माणूस मला माहीत आहे.

शेवटी मी रेनोकडे गेले. रेनो म्हणजे मंडळातला व्हर्लिनचा जुना वैरी, आणि मित्र म्हणाल तर तोच एक. बटणावरून अबोला धरणारे ते दोघं हेच. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. मी म्हटलं, रेनो, तू तरी त्याला समजाव. रेनोने नुसतीच मान हलवली आणि कॉफी टाकली. सोबत खायला पाव असेल म्हणून मी ओट्यावरचा त्याचा लाकडी पावाचा डबा उघडला.

आत पाव नव्हता. आत डबी होती. नवीकोरी. डब्याच्या मागच्या बाजूला भोक पाडून वायर बाहेर काढलेली.

रेनोचा चेहरा बिटासारखा लाल झाला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, शाळेत कॉपी करताना सापडल्यासारखा उभा. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नात अलास्काला राहते, जुन्या मशीनवर तिचा चेहरा सारखा अडकायचा, कधी तोंड उघडं असताना, कधी डोळे मिटलेले असताना. जानेवारीत कार्ड टाकलं आणि दहा दिवसांतच त्याचा धीर सुटला. मंडळातलं कोणी घरी आलं तर दिसू नये म्हणून डबी पावाच्या डब्यात. मला हसू आवरेना, आणि हसता हसता मी रडायलाच लागले. रेनोने भांडी पुसायचा टॉवेल माझ्या हातात दिला आणि माझं होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पावाचा डबा काखेत मारून आमच्या दारात हजर. सरळ स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं.

व्हर्लिन डबीकडे बघत राहिला. मग त्याच्याकडे होता नव्हता तेवढ्या आवाजात त्याने रेनोला जे काय ऐकवलं ते मी इथे सांगत नाही. लबाड हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. रेनोने ऐकून घेतलं. म्हणाला, कबूल, माझं कार्ड बाद. पण तू का घेत नाहीस ते सांग. खरं कारण सांग, चिपचं नको.

व्हर्लिनने खुर्ची ओढली.

"आज घेतली म्हणजे पुढचीची वाट बघणं संपलं," तो म्हणाला. "रोज सकाळी उठून मी स्वतःला सांगतो, सप्टेंबरात नवी येणार आणि ती बघायला मी असणार. तेवढ्यावर दिवस निघतो. हातातली घ्या आणि गप्प बसा, असं मला कोणी सांगू नका."

मी भांडं घासत होते. हात थांबले. आठ दिवस मी या माणसाला हेकट म्हणत होते, आणि तो घाबरलेला होता. मला स्वतःचीच लाज वाटली.

रेनोने डब्यातून डबी काढली, उलटी केली आणि तळाचं ते बटण दाबलं. "ही माझी आहे," तो म्हणाला. "तू काही घेतलेलं नाहीस. तुझं कार्ड शाबूत, तुझी वाट बघणंही शाबूत. उसनी वापर."

त्या दुपारपासून वाचन सुरू झालं. काय एकेक वाक्यं होती ती. शेजारच्या बोक्याने निळी टोपी का घातली? तलावावर सात बदकं उशिरा पोचली. व्हर्लिन प्रत्येक वाक्यावर कुरकुर करायचा आणि ती कुरकुरही कधी कधी रेकॉर्ड व्हायची. मी दार लावून बाहेर खुर्ची टाकून बसायचे, विणकाम मांडीवर, एकही टाका न घालता. दिवसाला वीस वाक्यं, पुढे पुढे दहा, शेवटी शेवटी पाच. पंचवीस मार्चला तीनशेवं झालं. माई म्हणाली होती की उरलेल्या वेळात आपल्या मनाचंही काही बोलून ठेवा. व्हर्लिनने विचारलं, काय बोलू? मी म्हटलं, हवं ते बोल, पण "थांब, पुढची येऊ दे" हे तेवढं त्यात घालू नकोस. त्या एका वाक्यातून तरी मला सुटू दे. तो हसला. तेच त्याचं शेवटचं हसणं, आवाजातलं.

ऑपरेशन नीट झालं. एप्रिलमध्ये माईने डबीवर आवाज लावून दिला. व्हर्लिनने दोन बोटांनी टाइप केलं, कॉफी दे. खोलीत त्याचा आवाज आला, तोच, घोगरा होण्याआधीचा नसला तरी तोच. माझ्या हातातून चमचा पडला. व्हर्लिनने मात्र स्क्रीन बंद केली, पाटी ओढली आणि लिहिलं, हा मी नाही. आणि गॅरेजमध्ये गेला.

त्यानंतर सबंध उन्हाळा पाटी आणि खडू. मी आग्रह केला नाही. फेब्रुवारीत केलेला पुरे होता. रेनो दर रविवारी दुपारी आमच्याकडे येऊन स्वतःच्याच डबीवर नातीशी गप्पा मारायचा आणि जाताना व्हर्लिनच्या पाठीवर थाप मारायचा. घर इतकं शांत की फ्रीजचा आवाज ऐकू यायचा. ऑगस्टमध्ये मी पायात घालायला नवे बूट आणले आणि जिन्याशी उगाच उभी राहिले. कशाची वाट बघत होते ते जरा वेळाने कळलं. कोणीतरी मला थांब म्हणावं, म्हणून.

सप्टेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी कंपनीने नवी डबी जाहीर केली आणि दुपारी मंडळ भरायचं होतं. मी केक केला. निघताना बघते तर व्हर्लिनने डबी पावाच्या डब्यात घालून काखेत घेतलेली. मी विचारलं, रेनोला परत देतोस? त्याने खांदे उडवले. डबी गेली म्हणजे त्यातला आवाजही त्याला नको झाला, असंच मी धरून चालले. गाडी मी चालवली.

तळघरात बिस्किटांचा डबा उघडला. मेमरी वाढली होती, पुढे तीन पोर्ट आले होते, पंखा तसाच होता, बटण तळालाच. गंमत म्हणजे सगळं तंतोतंत जुळलं ते रेनोच्या बाद कार्डाचं. त्याच्या खालोखाल व्हर्लिन. बटण वर येणार यावर तो यंदाही अडून बसला होता. रेनोने पावाच्या डब्याची कबुली दिली, सगळ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली आणि केक व्हर्लिनपुढे सरकवला.

मग मी उभी राहिले. माझ्या स्वभावात नाही, पण राहिले. म्हटलं, सप्टेंबर आला, नवी डबी आली आणि हाही इथे आहे. आज घरी जाताना आम्ही ती घेणार, आणि रेनोला त्याची परत मिळणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

व्हर्लिनने हात वर केला. पावाचा डबा उघडला, डबी काढली, तळघरातल्या मोठ्या स्क्रीनला जोडली, उलटी करून बटण दाबलं. कीबोर्ड पुढे ओढला. दोन बोटं. तळघरात कोणी कपही खाली ठेवत नव्हतं.

"थांब, आर्लिस," त्याचा आवाज म्हणाला. "पुढची येऊ दे."

रेनो तोंडातल्या तोंडात पुटपुटला की म्हणजे आपली डबी अजून दोन वर्षं अडकली, आणि डोळे पुसायला लागला. पुढची दोन वर्षांनी येणार हे त्या तळघरात सगळ्यांना पाठ होतं. व्हर्लिनलाही. त्याने माझ्याकडे बघितलं, भुवया उंचावून, गाडीच्या दुकानात बघायचा तसा.

चव्वेचाळीस वर्षं ज्या वाक्याने माझं डोकं उठवलं, त्याच वाक्यासाठी मी व्हर्लिनच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिले.

"परत म्हण," मी म्हटलं.

त्याने परत म्हटलं.